पिनकोडची कुंडली: मोठी संख्या हाती आली की काय काय तपासायचं

साताऱ्यात आठवीला असलेल्या माझ्या भाचीला शाळेतून काम मिळालं: कुठलीही सहा आकडी संख्या घ्या आणि तिच्याबद्दल गणितात जेवढं सांगता येईल तेवढं लिहून आणा. २२ डिसेंबरच्या गणित दिनासाठी. तिने घरचा पिनकोड घेतला, ४१५००१, आणि मला फोन लावला. मी सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. दिवसभर आकडेच बघतो, म्हणून बहिणीच्या घरी माझी ख्याती उगाच मोठी आहे. म्हटलं, तू साताऱ्याची कर, मी सांगलीची करतो, ४१६४१६. तासाभराचं काम आहे.

दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली एक तर निव्वळ माझ्या चुकीमुळे. मी भाचीला छातीठोकपणे सांगितलं होतं की तुझी संख्या मूळ आहे, आणि ती मूळ नव्हती. तुमच्याही घरी असं काम आलं असेल, किंवा तुम्हालाच गाडीचा नंबर बघून त्याचे अवयव पाडायची खोड असेल, तर खालच्या क्रमाने जा. क्रम महत्त्वाचा आहे. मी उलट्या क्रमाने गेलो म्हणून फसलो.

## काय काय लागेल

- चौकटीची वही आणि पेन्सिल. पेन नको, खोडावं लागतं.
- दुकानात असतो तसला बारा आकडी कॅल्क्युलेटर.
- १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. त्या २५ आहेत. पाठ नसतील तर १ ते १०० आकडे लिहा, १ खोडा, मग २ सोडून २ चे पाढे, ३ सोडून ३ चे, तसंच ५ चे आणि ७ चे. जे उरेल ती यादी. दहा मिनिटांचं काम आहे.
- जमलं तर ६५० पर्यंतची यादी. का, ते पाचव्या पायरीत.
- आठवी-नववीचं एक सूत्र: अ² − ब² = (अ − ब)(अ + ब). आज सगळ्यात जास्त उपयोग याचाच होणार आहे.

## १. संख्या नीट उतरवून घ्या

हसू नका. पहिली चूक इथेच होते.

स्वल्पविराम न देता लिहा. आपण ४,१५,००१ असं लिहितो, हजारानंतर दोन-दोन आकड्यांचे गट पाडून. वाचायला ते बरोबर आहे, पण पुढे एका कसोटीत उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट लागतात. तिथे आपले हे स्वल्पविराम पायात येतात. भाचीच्या वहीत नेमकं तेच झालं होतं.

दुसरं, सुरुवातीला शून्य असेल तर तो गणिताच्या दृष्टीने नाहीच. एसटीडी कोडसकट लिहिलेला फोन नंबर ही 'संख्या' म्हणून घेतली की पुढचा शून्य गळतो.

तिसरा सापळा एक्सेलचा. त्यात पंधरा आकड्यांपर्यंतच खरं धरलं जातं. सोळा आकडी संख्या टाइप केलीत तर शेवटचा आकडा गुपचूप शून्य होतो. मग तुम्ही आनंदाने लिहाल की संख्येला १० ने भाग जातो!

(पिनकोडबद्दल दोन शब्द. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. ते टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवीही. पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या पट्ट्याचा. मात्र ४१५ म्हणजे सातारा असं समजू नका. आमच्या सांगली जिल्ह्यातलं विटा ४१५३११ आहे आणि घाटाखालची रत्नागिरी ४१५६१२. अवयवांना या कशाशीच देणंघेणं नाही.)

## २. भागाकाराआधी चेहरा बघा

४१६४१६ कडे जरा बघत बसा. ४१६ आणि पुन्हा ४१६. म्हणजेच ४१६००० + ४१६, म्हणजेच ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३.

म्हणजे पेन्सिल उचलायच्या आधीच कळलं की आमच्या सांगलीच्या पिनकोडला ७, ११ आणि १३ तिन्हींनी भाग जातो. भाचीला हे सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. म्हटलं, तुझ्या मनातली तीन आकडी संख्या घे, तीच पुढे पुन्हा लिही, आता ७ ने भाग, उत्तराला ११ ने, त्याला १३ ने. काय आलं? तिची मूळची संख्या परत आली. संध्याकाळभर तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांवर हा प्रयोग केला म्हणे.

४१५००१ चा चेहरा असा बोलका नाही. शेवटी १ आहे, त्यामुळे २ आणि ५ बाद, एवढंच कळतं. असे चेहरे फसवे असतात. पण '००१' मुळे एक फायदा होतो, तो पुढच्या पायरीत.

## ३. विभाज्यतेच्या कसोट्या लावा

शाळेतल्याच आहेत, एकदा उजळणी करू.

२, ४, ८ साठी शेवटचा एक, शेवटचे दोन, शेवटचे तीन आकडे बघायचे. ४१६ ला ८ ने भाग जातो (५२ वेळा), म्हणून ४१६४१६ लाही जातो.

३ आणि ९ साठी अंकांची बेरीज. ४+१+५+०+०+१ = ११, म्हणून साताऱ्याला ३ चालत नाही. ४+१+६+४+१+६ = २२, सांगलीलाही नाही.

७, ११ आणि १३ साठी एकच कसोटी पुरते, आणि ती शाळेत फारशी शिकवत नाहीत. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट करा आणि एक आड एक वजा-अधिक करा. उत्तराला ७, ११ किंवा १३ पैकी ज्याने भाग जाईल, त्याने अख्ख्या संख्येलाही जातो. कारण पुन्हा १००१: १००० हे त्याच्यापेक्षा फक्त एकाने कमी आहे.

४१५००१ चे गट ००१ आणि ४१५. वजाबाकी −४१४. ४१४ ला ७ ने भागल्यावर १ उरतो, ११ ने ७, १३ ने ११. तिघंही बाद.

भाचीने गट पाडले होते ते असे: ००१, १५, ४. म्हणजे १ − १५ + ४ = −१०. योगायोगाने निष्कर्ष तोच आला, कारण १० लाही तिघांपैकी कुणानेच भाग जात नाही. चूक पद्धतीने बरोबर उत्तर आलं की ते फार महागात पडतं, पुढच्या वेळी आपण तसंच करतो. तिच्या वहीतले स्वल्पविराम मी फोनवरूनच खोडायला लावले.

आणखी एक सापळा: '४ ने जातो, ६ ने जातो, म्हणजे २४ ने जातो'. नाही. १२ ला ४ ने जातो, ६ नेही जातो, २४ ने कुठे जातो? दोन विभाजकांत सामाईक अवयव नसेल तरच त्यांचा गुणाकार घ्यायचा.

## ४. सोपी संख्या आधी उघडा

सांगलीची संख्या निम्मी करत चला आणि आकडे बघा:

४१६४१६ → २०८२०८ → १०४१०४ → ५२०५२ → २६०२६ → १३०१३

पाच वेळा निम्मी झाली. म्हणजे २ चा पाचवा घात. पुढे १३०१३ ÷ ७ = १८५९, १८५९ ÷ ११ = १६९, आणि १६९ म्हणजे १३ × १३.

४१६४१६ = २⁵ × ७ × ११ × १३²

इथे थांबू नये अशी जागा म्हणजे १६९. विषम संख्या, अंकांची बेरीज १६, ७ ने जात नाही, ११ ने जात नाही, त्यामुळे दिसायला अगदी मूळ वाटते. अशा सोंगाड्या संख्यांची एक छोटी यादी वहीच्या पाठीमागे लिहून ठेवा: ९१ (७ × १३), ११९ (७ × १७), १३३ (७ × १९), १४३ (११ × १३), १६९, २२१ (१३ × १७), २४७ (१३ × १९). ९१ ला मूळ म्हणणारी माणसं मी अडत्यांच्या पेढीवरसुद्धा पाहिली आहेत.

## ५. अडेलतट्टू संख्या: साताऱ्याची गोष्ट

आता माझ्या चुकीकडे येतो.

४१५००१ ला मी यादीतल्या पंचवीसच्या पंचवीस मूळ संख्यांनी भागलं. १७ ने १४ उरतात, १९ ने ३, २३ ने १२, असं करत ९७ पर्यंत. ८३ ला तर जीव वर-खाली झाला, ८३ × ५००० = ४१५०००, फक्त १ उरला. ९७ संपले, यादी संपली. मी वहीत लिहिलं, 'मूळ संख्या', आणि साताऱ्याला फोन केला.

चूक कुठे झाली? यादी संपली म्हणजे तपासणी संपली असं मी धरलं. तपासणी कधी संपते ते यादी ठरवत नाही, संख्येचं वर्गमूळ ठरवतं. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी वर्गमूळाएवढा किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. ४१५००१ चं वर्गमूळ ६४४ च्या थोडं पुढे आहे. म्हणजे ६४४ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला हव्यात. त्या ११७ आहेत. मी २५ तपासून मोकळा झालो होतो.

रात्री जेवताना ते लक्षात आलं आणि घास अडकला.

बरं, मग ११७ भागाकार करायचे? करता येतात. पण त्याआधी दहा मिनिटं सतराव्या शतकातल्या फर्माची युक्ती वापरून बघा. फर्मा फ्रान्समधल्या तुलूजचा न्यायाधीश, गणित त्याचं फावल्या वेळचं. युक्ती अशी: संख्येच्या लगेच वरचा वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, आणि उरलेली बाकी स्वतः वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा वर्ग घ्या.

करून बघू. वर्गमूळ ६४४ आणि थोडं, म्हणून ६४५ घेऊ. शेवटी ५ असल्यामुळे वर्ग तोंडी येतो: ६४ × ६५ = ४१६०, पुढे २५. झाले ४१६०२५.

४१६०२५ − ४१५००१ = १०२४

१०२४! मोबाइलची मेमरी मोजणाऱ्या कुणालाही हा आकडा पाठ असतो. ३२ चा वर्ग. म्हणजे

४१५००१ = ६४५² − ३२² = (६४५ − ३२)(६४५ + ३२) = ६१३ × ६७७

पहिल्याच फटक्यात उघडली. ६१३ ला मूळ संख्यांच्या रांगेत ११२ वा नंबर आहे. म्हणजे मी सरळ रस्त्याने भागत गेलो असतो तर १११ भागाकार वाया जाऊन ११२ व्याला उत्तर आलं असतं. ६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ आहेत. त्यांची वर्गमूळं २४ आणि २६ च्या पुढची, त्यामुळे २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्यांनी भागून बघितलं की खात्री होते.

त्या रात्री साडेदहाला मी भाचीला परत फोन केला. बहिणीने उचलला आणि कोण गेलं म्हणून विचारलं.

या युक्तीचे नियम नीट समजून घ्या, नाहीतर ही पण फसवते:

- अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती लवकर चालते. ६१३ आणि ६७७ मध्ये फक्त ६४ चं अंतर आहे. एक अवयव ३ आणि दुसरा लाखात असेल तर ती दिवसभर चालेल. म्हणून लहान मूळ संख्या आधीच तपासून घ्यायच्या.
- सम संख्या आधी २ ने भागून विषम करा.
- बाकीच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्गमूळ काढायचे कष्ट घेऊ नका. कुठलाच वर्ग त्या आकड्यांत संपत नाही.
- आठ-दहा पायऱ्यांत निघालं नाही तर सोडून द्या आणि मुकाट्याने भागाकाराला बसा.

खुद्द फर्माने २०२७६५१२८१ ही संख्या बाराव्या पायरीला उघडली होती: ४४०२१ × ४६०६१. कॅल्क्युलेटर नसताना.

याच कारणासाठी बँकेचे व्यवहार गुपित ठेवणाऱ्या कुलपांत दोन अवाढव्य मूळ संख्यांचा गुणाकार वापरतात तेव्हा त्या दोघी एकमेकींच्या जवळ नाहीत ना, याची काळजी घ्यावी लागते. २५० आकडी अशी एक संख्या फोडायला २०२० साल उजाडावं लागलं, तेही असंख्य संगणक एकत्र जुंपून.

## ६. विभाजक मोजा, एकेक लिहीत बसू नका

अवयव हाती आले की बाकीचं हिशेबाचं काम आहे. प्रत्येक घातांकात १ मिळवा आणि गुणाकार करा.

सांगली: (५+१)(१+१)(१+१)(२+१) = ७२ विभाजक.
सातारा: (१+१)(१+१) = ४ विभाजक. १, ६१३, ६७७ आणि स्वतः.

१ का मिळवायचा? कारण तो अवयव एकदाही न घेणं हाही एक पर्याय आहे. २ चे घात पाचच, पण निवडी सहा: शून्य वेळा, एक वेळा, ते पाच वेळा. मी पहिल्यांदा ५ × १ × १ × २ = १० लिहिले होते. १, २, ४, ७, ८ असे बोटावर मोजायला लागलो तेव्हा दहा कधीच मागे पडले.

विभाजकांची बेरीज हवी असेल तर प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज करून गुणाकार करायचा. सांगलीसाठी (१+२+४+८+१६+३२) × (१+७) × (१+११) × (१+१३+१६९) = ६३ × ८ × १२ × १८३ = ११,०६,७८४. त्यातून संख्या स्वतः वजा केली तरी ६,९०,३६८ उरतात, म्हणजे संख्येहून जास्त. साताऱ्याचं तेच काढलं तर १ + ६१३ + ६७७ = फक्त १२९१.

आमच्या भाषेत सांगतो. ४१६४१६ पोती असतील तर ७, ८, ११, १३, १४, १६, २२, २६ अशा हव्या तेवढ्यांच्या सारख्या थप्प्या लावा, एक पोतं शिल्लक राहणार नाही. ४१५००१ पोती आली तर ६१३ ची थप्पी लावा नाहीतर ६७७ ची, तिसरा मार्ग नाही. हमालांनी पोती टाकून दिली असती.

## ७. शेजाऱ्याची चौकशी करा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण मला आवडते. सांगलीच्या विश्रामबागेचा पिनकोड ४१६४१५. आमच्याहून एकाने कमी.

४१६४१५ = ३ × ५ × १७ × २३ × ७१

एकही अवयव ४१६४१६ शी सामाईक नाही. असणारच नाही, लागोपाठच्या दोन संख्यांचा मसावि नेहमी १ असतो, कारण दोघींना जो भागेल त्याने त्यांच्यातल्या फरकालाही, म्हणजे १ लाही भागायला हवं. हद्दीला हद्द लागलेली, रोजचं जाणं-येणं, आणि अवयवांत एक पैचा व्यवहार नाही.

याचा उपयोग पडताळ्यालाही होतो. शेजारच्या संख्येचे अवयव काढताना तुमच्या संख्येतला एखादा आला, तर दोन्हीपैकी एक गणित चुकलंय.

## ८. हौसेच्या कसोट्या

परीक्षेत विचारत नाहीत, पण प्रकल्पाच्या वहीत ही पानं लोक थांबून वाचतात.

हर्षद संख्या. जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५ ते १९८६) यांनी दिलं. हर्ष देणारी ती हर्षद. ४१६४१६ च्या अंकांची बेरीज २२, आणि ४१६४१६ ÷ २२ = १८९२८. सांगली हर्षद आहे. साताऱ्याची बेरीज ११ आणि ११ ने भाग जात नाही हे तिसऱ्या पायरीत बघितलंच. भाची जरा नाराज झाली.

देवळाली संख्या. हेही कापरेकरांचंच. एखादी संख्या घ्या, तिच्या अंकांची बेरीज तिच्यातच मिळवा, नवी संख्या जन्माला येते. जिला असा कुणी जनक सापडत नाही ती देवळाली संख्या. आपल्या दोघींना जनक आहेत: ४१४९७३ + २८ = ४१५००१ आणि ४१६३८७ + २९ = ४१६४१६. शोधायची रीत अशी की सहा आकडी संख्येच्या अंकांची बेरीज ५४ च्या वर जात नाही, त्यामुळे मागच्या ५४ संख्याच बघायच्या.

दोन वर्गांची बेरीज. इथे सातारा सगळी भरपाई करून घेतो. नियम असा: मूळ अवयवाला ४ ने भागल्यावर १ उरत असेल तर तो दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येतो. ३ उरत असतील तर नाही. आणि असा ३ वाला अवयव विषम वेळा आला की सगळी संख्याच अडते. सांगलीत ७ आणि ११ दोन्ही ३ वाले, दोन्ही एकेकदाच. विषय संपला.

साताऱ्याचे दोन्ही अवयव १ वाले आहेत:

६१३ = १८² + १७²
६७७ = २६² + १²

आता इसवी सन ६२८ च्या ब्रह्मस्फुटसिद्धांतात ब्रह्मगुप्ताने दिलेली रीत लावायची. दोन अशा बेरजांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन तऱ्हांनी लिहिता येतो. चार गुणाकार काढा: १८ × २६ = ४६८, १७ × १ = १७, १८ × १ = १८, १७ × २६ = ४४२. पहिल्या जोडीची बेरीज आणि दुसऱ्या जोडीची वजाबाकी: ४८५ आणि ४२४. मग उलट, पहिल्या जोडीची वजाबाकी आणि दुसरीची बेरीज: ४५१ आणि ४६०.

४८५² + ४२४² = २३५२२५ + १७९७७६ = ४१५००१
४५१² + ४६०² = २०३४०१ + २११६०० = ४१५००१

हे जुळलं तेव्हा भाचीने फोनवर जो आवाज काढला त्याने माझी हर्षद फिकी पडली. एकच संख्या, वर्गांच्या फरकाने उघडली आणि वर्गांच्या बेरजेने दोनदा बांधली. नुसत्या ४१५००१ कडे बघून कुणाला वाटलं असतं?

## ९. पडताळा

गुणाकार करून बघा, हे तर आलंच. शिवाय नऊचा पडताळा: ६१३ चे अंक १०, म्हणजे १. ६७७ चे २०, म्हणजे २. गुणाकार २. ४१५००१ चे ११, म्हणजे २. जुळलं.

पण यावर विसंबू नका. आकड्यांची अदलाबदल झाली तर हा पडताळा आंधळा असतो. ४१०५०१ लिहिलंत तरी बेरीज ११ च येते. खतावणीत मी वर्षानुवर्षं बघतोय, माणसं आकडा चुकवत नाहीत, आकड्यांची जागा चुकवतात.

## १०. यापेक्षा मोठी संख्या असेल तर

दहा आकडी मोबाइल नंबरचं वर्गमूळ लाखाच्या आत असतं, आणि एक लाखाच्या आत ९५९२ मूळ संख्या आहेत. हाताने नको. लिनक्स असलेल्या संगणकावर 'फॅक्टर' लिहून पुढे संख्या दिली की अवयव क्षणात येतात.

एक कळकळीची सूचना. स्वतःचा मोबाइल नंबर, आधार क्रमांक किंवा कार्डाचा नंबर अनोळखी संकेतस्थळावर अवयव बघायला टाकू नका. मुलं हौसेने टाकतात. प्रयोगाला पिनकोड, गाडीचा नंबर, जन्मतारीख उलटसुलट करून बनवलेली संख्या, काहीही चालेल.

शेकडो आकड्यांच्या संख्येचे अवयव काढणं कठीण, पण ती मूळ आहे की नाही एवढं सांगणं मात्र तुलनेने सोपं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत. मूळपणाच्या झटपट चाचण्यांतही नकली माल सुटतो: ३४१ ही ११ × ३१ आहे, तरी २ च्या घातावर आधारलेल्या फर्माच्या चाचणीतून ती मूळ म्हणून बिनबोभाट पार पडते. संशयाला जागाच न ठेवणारी आणि तरीही वाजवी वेळात संपणारी रीत २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतल्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. त्यातले कयाल आणि सक्सेना नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले होते.

## करून बघायला

विट्याचा ४१५३११ घ्या. अंकांची बेरीज बघा, मग तीन-तीनचे गट करा, स्वल्पविराम न देता. मी हा भाचीला रात्री पाठवला होता. सकाळी पेढी उघडायच्या आत तिचा मेसेज आला: 'मामा, ३११ − ४१५ = −१०४, म्हणजे १३ लागला. ३ पण लागला. २३ पण. शेवटी ४६३ उरले. २३ पर्यंत भागून बघितलं नाही, २१ पर्यंतच बघितलं, कारण वर्गमूळ २१ आणि थोडं आहे. बरोबर ना?'

बरोबर.